थॉरचा वार

“पुन्हा म्हण,” ग्रोआ म्हणाली.

होडी काठावर पालथी घातलेली होती. बेर्गथॉर तिच्या फटींत डांबरात बुडवलेली लोकर ठासत होता. त्याने मान वर केली नाही.

“सूर्याचा वार. चंद्राचा वार. तिसरा वार. ओडिनचा...”

लोकरीचा ओला बोळा त्याच्या पाठीत बसला.

“ओडिन गेला खड्ड्यात! आठवड्याचा मध्य. मग पाचवा वार, मग उपासाचा, मग न्हाण्याचा. अरे, चारच नावं बदललीत. साठी उलटली तुझी, चार नावं डोक्यात राहत नाहीत?”

“डोक्यात राहतात. तोंडात राहत नाहीत.”

“उद्या नाही राहिली तर स्तेनारचा जीव जाईल.”

त्याने पडलेला बोळा उचलला आणि पुढच्या फटीत ठासला.

दोन हिवाळ्यांपूर्वी बिशपचा हुकूम देवळात वाचून दाखवला होता. जुन्या देवांची नावं वारांवरून पुसायची. ख्रिस्ताच्या लेकरांनी दिवस मोजताना मूर्तींची नावं तोंडात आणायची नाहीत. तरुणांनी महिन्याभरात जिभा वळवल्या. बेर्गथॉरची वळेना. वार तो बापाकडून शिकला होता, हाताच्या पेरांवर. हे पेर टीरचं, शब्दाला तारण म्हणून लांडग्याच्या जबड्यात हात ठेवणाऱ्याचं. हे ओडिनचं, शहाणपणासाठी एक डोळा देऊन बसलेल्याचं. हे हातोडेवाल्या थॉरचं. हे फ्रिगचं, पोरासाठी रडलेल्या आईचं. बेर्गथॉर त्यांना काही पुजत नव्हता. तो प्रार्थना ख्रिस्ताचीच करायचा. पण चाळीस वर्षं नदीवर होडी चालवताना कुणाला कधी पार केलं, पाणी कधी चढलं, हे सगळं त्याच्या मनात त्याच पेरांवर लागलेलं होतं.

पाद्र्याने त्याला दोनदा बजावलं होतं. तिसऱ्या खेपेला देवळाचं दार बंद, आणि मेल्यावर आवाराच्या भिंतीआत जागा नाही. भिंतीआत आलोफ पुरलेली होती, त्यांची एकुलती मुलगी. तिच्या डाव्या हाताची जागा ग्रोआने स्वतःसाठी धरून ठेवली होती, उजवीकडची त्याच्यासाठी.

“आपल्यासाठी तरी नीट बोल,” ती आता हळू आवाजात म्हणाली.

“बोलतो ना. तिसरा. मध्य. पाचवा. उपासाचा.”

“कुठून मोजायचं?”

“सूर्यापासून.”

“चंद्रापासून नाही. विसरू नकोस.”

दुसऱ्या दिवशी तो सभेच्या माळावर पोचला तेव्हा बारा न्यायाधीश दगडांच्या वर्तुळात बसले होते. बाहेर लोकांची दाटी होती. स्तेनार मधोमध उभा होता. बेर्गथॉरला पाहून त्याने नुसती मान हलवली. तिशीतला माणूस, दुसऱ्याच्या मेंढ्या राखणारा, स्वतःचं म्हणावं असं एक घोंगडं. गेल्या शरदात ओर्म नावाचा शेतकरी आपल्या कुरणात मरून पडलेला सापडला होता, डोक्यात कुऱ्हाडीचा घाव. त्याआधी आठवडाभर तो आणि स्तेनार किनाऱ्याला लागलेल्या ओंडक्यावरून भांडले होते. तेवढ्यावरून ओर्मचा भाऊ ग्लूम याने स्तेनारवर फिर्याद केली. फिर्याद सिद्ध झाली तर स्तेनार बहिष्कृत. त्याला कुणी जेवू घालायचं नाही, निजायला जागा द्यायची नाही, नदी पार करून द्यायची नाही. भेटेल त्याने मारलं तरी गुन्हा नाही.

ओर्म पाचव्या वारी दुपारी मेला, हे ग्लूमच्याच दोन शेजाऱ्यांनी शपथेवर सांगितलं होतं. आणि त्याच वारी सकाळी बेर्गथॉरने स्तेनारला नदीपलीकडे नेलं होतं. मागोमाग पाणी असं चढलं की दुसरा दिवस उजाडेपर्यंत होडी घालता आली नाही. ओर्मचं कुरण अलीकडच्या काठाला राहिलं, आणि स्तेनार रात्रभर पलीकडे बेर्गथॉरच्याच झोपडीत निजला होता. हे माहीत असलेला पुरुष साक्षीदार एकच, आणि बायकांची साक्ष सभेत चालत नव्हती.

बेर्गथॉरने पुस्तकावर हात ठेवून शपथ घेतली. मग सगळी हकीकत सांगितली. आवाज बरा लागला होता.

“वार कोणता?” सभेच्या मुखियाने विचारलं.

“पाचवा.”

गर्दीत मागे कुणीतरी श्वास सोडला. ग्लूम उठला. रुंद खांद्यांचा, शांत बोलणारा माणूस.

“बाबा, तुम्ही पाचवा म्हणालात. चांगलं झालं. पण हे आकडे तुम्हाला नवीनच. नाही का?”

“नवीन आहेत.”

“मागे एकदा बाजारात तुम्ही मला म्हणालात, तिसऱ्या वारी होडी बंद. मी तिसऱ्या वारी आलोच नाही. आणि होडी तर चालू होती. बंद होती दुसऱ्या दिवशी.”

कुणीतरी हसलं. बेर्गथॉरच्या कानशिलांत रक्त चढलं. ते खरं होतं.

“चुकलो होतो.”

“चुकतो माणूस. म्हणून विचारतो. जरा बोटांवर मोजून दाखवा ना सगळ्यांना, पाचवा कसा येतो ते.”

बेर्गथॉरने हात वर केला. अंगठा पेरांवर फिरू लागला. चंद्राचा वार, एक. तिसरा, दोन... नाही. तिसरा दोन कसा? तो थांबला. पुन्हा सुरू केलं. चाळीस वर्षं तो चंद्राच्या वारापासूनच मोजत आला होता, कारण सूर्याच्या वारी होडी नसायची. अंगठा पाचव्या जागी थांबला, आणि ती जागा उपासाची होती.

“उपासाचा!” ग्लूम म्हणाला. आता त्याचा आवाज मोठा झाला होता. “ऐकलंत? म्हाताऱ्याने याला नेलं ते उपासाच्या वारी. म्हणजे आदल्या दिवशी हा अलीकडेच होता. माझ्या भावाजवळ!”

“नाही, तसं नाही,” बेर्गथॉर म्हणाला. “सूर्यापासून मोजायचं...”

“हे कुणी पढवलं तुम्हाला? बायकोने?”

आता सगळेच हसले. न्यायाधीश एकमेकांकडे झुकून बोलू लागले. एकाने मान हलवली, वाईट वाटल्यासारखी. स्तेनार खाली गवताकडे पाहत होता; त्याचे ओठ हलत होते, बहुधा प्रार्थना करत असावा.

बेर्गथॉरला दगडांच्या पलीकडे पाद्री दिसला. त्याच्यापासून चार हातांवर ग्रोआ. तिने शाल तोंडाशी घट्ट धरली होती. तिच्या डोळ्यांत त्याला स्पष्ट दिसलं, तो काय करणार ते तिला त्याच्याआधी कळलं होतं. तिने नाही म्हणून मान हलवली नाही. होही म्हणाली नाही.

“थॉरचा वार होता,” तो म्हणाला.

हसणारी तोंडं त्याच्याकडे वळली.

“थॉरचा. ओडिनच्या नंतरचा, फ्रिगच्या आधीचा. माझ्या बापाचा थॉरचा वार आणि तुमच्या सगळ्यांच्या बापांचा थॉरचा वार. त्या सकाळी मी या माणसाला पार नेलं. आकडे मला येत नाहीत. पण वार मला माहीत आहे.”

“झालं!” ग्लूम गरजला. “शपथेचं पुस्तक शिवलेला हात अजून गरम आहे, आणि याच्या तोंडात मूर्तीचं नाव! याची शपथ बाद करा.”

पाद्र्याने क्रूसाची खूण केली. मुखिया बराच वेळ दाढी कुरवाळत बसला. तोही साठीचाच होता.

“कायदा म्हणतो, साक्षीदाराने वार सांगावा,” तो शेवटी म्हणाला. “कोणत्या शब्दात, ते माझ्या कायद्यात नाही. त्याचं पाप पाद्री बघतील. मला एवढंच सांगा, इथे असा कुणी आहे का, ज्याला हा वार कोणता ते कळलं नाही?”

कुणी बोललं नाही.

“ग्लूम, तुला कळला?”

ग्लूमचा जबडा हलला. तो खाली बसला.

बारांपैकी आठ हात स्तेनारच्या बाजूने वर झाले. लोक ओरडू लागले. स्तेनार गुडघ्यांवर बसला आणि तसाच बसून राहिला. बेर्गथॉरला त्याच्याकडे जायचं होतं, पण मधे पाद्री येऊन उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता. त्याचा चेहरा उतरला होता.

“एक वर्ष,” तो म्हणाला. “देवळात पाऊल नाही. दर पाचव्या वारी वाळका मासा आणि पाणी.”

“आणि मेल्यावर?”

“ते बिशपना विचारावं लागेल.”

घरी जाताना ग्रोआ त्याच्या पुढे चार पावलं चालत राहिली. ओढ्याशी ती थांबली.

“मूर्ख आहेस,” ती म्हणाली.

“हो.”

“तो मेला असता.”

“हो.”

ती पुन्हा चालू लागली, पण आता बरोबरीने.

पुढच्या सूर्याच्या वारी तो देवळापर्यंत तिच्यासोबत गेला आणि दारापाशी थांबला. समुद्राकडून बोचरा वारा सुटला होता, त्यात बारीक बर्फाचे कण होते. लोक त्याच्याजवळून आत गेले. कुणी खाली बघून, कुणी खांद्याला हात लावून. स्तेनारही गेला, क्षणभर त्याचा हात धरून. शेवटी ग्रोआ गेली. तिने मागे दार ओढून घेतलं नाही. हातभर उघडं राहिलं, आणि त्या फटीतून मेणाचा वास आणि पाद्र्याचा आवाज बाहेर येऊ लागला.

वारा आत घुसला तशा वेदीवरच्या ज्योती आडव्या झाल्या. एक विझली.

“दार लावून घ्या,” पाद्री म्हणाला.

बाकांवर कुणी हललं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. एक पोर रडायला लागलं, त्याच्या आईने त्याला शालीत ओढून घेतलं. सगळी माणसं पुढे बघत, थंडीत खांदे आवळून बसून राहिली.

पाद्र्याने विझलेली मेणबत्ती दुसरीवर पेटवली, आणि आवाज थोडा चढवून पुढे वाचू लागला.