दर शनिवारी दोन सूत

"मॅडम, परत एकदा मोजा," साहेब म्हणाले.

नकाशेवाल्या बाईंनी परत टेप लावली. ही सहावी वेळ. टेपचं एक टोक भिंतीला धरून मी गुडघ्यांवर बसलो होतो, दुसरं टोक त्यांच्या हातात.

"अकरा फूट."

"आणि नकाशात?"

"सोळा. साहेब, तुमची केबिन पाच फूट कमी भरतेय."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग टेबलाखाली वाकून पाहिलं. "इथेच कुठेतरी असतील," ते म्हणाले. "नीट शोधा."

मी टेपच्या टोकावरून मान वर केली नाही. कारण ते पाच फूट कुठे गेले हे मला ठाऊक होतं.

आमचं ऑफिस पाणीपुरवठ्याचं. नळ गळला, मीटर अडला, पाणी गढूळ आलं की लोक आमच्याकडे तक्रार आणत. आणि गेल्या तीन वर्षांत आमच्याइतक्या झटपट तक्रारी सोडवणारं ऑफिस दुसरं नव्हतं. वरच्या कार्यालयाला वाटलं, ह्यांच्या जागेच्या मांडणीत काहीतरी गुपित असणार. ते हुडकून बाकीची ऑफिसंही तशीच मांडून घ्यावीत. म्हणून त्यांनी ह्या बाईंना धाडलं. कोणाचं टेबल कुठे असावं, उजेड कुठून यावा, काय केलं म्हणजे माणूस खुशीने कामाला लागतो, हेच त्यांचं शिक्षण. त्यांनी आल्या आल्या जुना नकाशा मागितला. मी रेकॉर्डवाला. एरवी माझ्याकडून कागद मिळवायला लोक तिसऱ्या चकरेला यायचे. पण बाई हसून "काका" म्हणाल्या आणि मी नकाशा फुंकर मारून लगेच हातात दिला. सगळ्या नोकरीत एवढी तत्परता मी एकदाच दाखवली, आणि तिने माझ्या दोस्ताच्या गळ्याला फास लागायची वेळ आणली.

दोस्त म्हणजे आमचे मिस्त्री.

मिस्त्री तीस वर्षं ऑफिसचे सुतार. आमच्या बावीस जणांच्या बावीस खुर्च्या त्यांना रक्ताच्या नातेवाइकांसारख्या माहीत. खुर्चीचा पुढचा पाय झिजला असेल तर माणूस घाबरट, मागचा झिजला असेल तर आळशी, असं त्यांचं शास्त्र होतं. माझ्या खुर्चीचे मागचे दोन पाय त्यांनी चारदा बदलले. ते स्वतः मात्र कधी बसायचे नाहीत. त्यांच्या नावाची खुर्चीच नव्हती. कुठलीही वस्तू दाखवा, ते एक डोळा मिटून बघणार आणि म्हणणार, "दोन सूत कमी आहे," नाहीतर "दोन सूत जास्त आहे." सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. आम्ही त्यांना मागे 'दोनसूत'च म्हणायचो, आणि तोंडावरही.

आता भानगड कशी सुरू झाली ते ऐका. आमच्या लांबलचक हॉलच्या एका टोकाला साहेबांची केबिन, मध्ये लाकडी पार्टिशन. अख्ख्या हॉलला खिडक्या दोनच, आणि दोन्ही केबिनमध्ये. साहेबांना दुपारी डोळा लागायचा, म्हणून त्यांच्यावर कायमचा जाड पडदा. म्हणजे उजेड होता तिथे नको होता, आणि हवा होता तिथे बावीस माणसं ट्यूबलाइटखाली डोळे चोळत बसलेली. हॉलच्या ह्या कडेला तक्रार घेणारे, त्या कडेला दुरुस्तीवाले. तक्रारीच्या मुख्य ताई आणि दुरुस्तीचे भाऊ ह्यांचं एका पंचिंग मशीनवरून बिनसलेलं. सहा वर्षं अबोला. तक्रारीचा कागद ह्या टेबलावरून त्या टेबलावर जायला नऊ दिवस लागायचे. एका गृहस्थांचा गळका नळ दुरुस्त करायला आमचा माणूस पोचला, तेव्हा त्या थेंबांवर त्यांनी केळीची बाग उभी केली होती. त्यांनी नळाला हात लावू दिला नाही.

हे साहेब नवे आले तेव्हा मिस्त्रींनी रीतसर अर्ज केला: पार्टिशन मागे सरकवावं, म्हणजे खिडक्या सगळ्यांना मिळतील. अर्ज आठ दिवसांनी परत आला. समासात साहेबांचा शेरा होता: 'एकदम शक्य नाही. हळूहळू करावे.'

असल्या शेऱ्याचा अर्थ आपल्याला कळतो. कागद गेला, आणि पुन्हा विचारू नका. मीही तो अर्ज बासनात बांधून टाकला. पण मिस्त्री साधा माणूस. त्यांनी शेरा दोनदा वाचून मला विचारलं, "हळूहळू म्हणजे किती असेल हो?"

"अहो, म्हणजे नाही," मी म्हणालो.

"नाही असतं तर नाही लिहिलं असतं. साहेब शिकलेले आहेत." आणि एक डोळा मिटून पार्टिशनकडे बघत म्हणाले, "दोन सूत ठीक राहील. दोन सुताला डोळा फसतो. तीन सुताला संशय येतो."

शनिवारी अर्धा दिवस. सगळे घरी गेले की मिस्त्री बिजागऱ्यांना तेल द्यायला थांबायचे. त्या शनिवारी त्यांनी पार्टिशनच्या खालच्या-वरच्या पाचरी काढल्या, पहारीने अलगद रेटा दिला, पार्टिशन दोन सूत सरकवलं, पाचरी ठोकल्या, जमिनीवर पेन्सिलीने एक रेघ मारली आणि घरी गेले. पुढच्या शनिवारी परत दोन सूत.

वर्षभर कुणाला काही दिसलं नाही, कारण पहिल्या खिडकीच्या आधी फूटभर कोरी भिंत होती. मी रोज चिडवायचो, "काय दोनसूत, उजाडलं का?" ते म्हणायचे, "येतंय, येतंय. लांबून निघालंय."

आणि एका सोमवारी सकाळी हॉलच्या जमिनीवर उन्हाची एक रेघ पडली. दोऱ्याएवढी. सफाईवाल्या मावशी ती पुसायला गेल्या. तीनदा पुसली. मग कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगंबाई, हे तर ऊन आहे!"

महिन्याभरात ते ऊन पट्टीएवढं झालं, सहा महिन्यांत फायलीएवढं. थंडीचे दिवस. सगळ्यांना त्यात उभं राहायचं, आणि जागा तर दीड माणसाची. एके दिवशी ताई एका बाजूने आल्या, भाऊ दुसऱ्या बाजूने. माघार कुणी घेईना. खांद्याला खांदा लावून दोघं छताकडे बघत उभे.

शेवटी भाऊ छतालाच म्हणाले, "शाळेजवळची पाइप फुटलीय म्हणे."

ताई म्हणाल्या, "आठ दिवस झाले. कागद पाठवलाय."

"कागद कशाला पाठवता? हाक मारायची ना."

"हाक मारली असती तर तुम्ही ओ दिली असती?"

"उन्हात दिली असती," भाऊ म्हणाले, आणि ताई सहा वर्षांनी हसल्या.

ती पाइप दुपारी दुरुस्त झाली. तेव्हापासून कागद मागून यायचे, काम आधी व्हायचं. ऊन वाढत गेलं तशी टेबलं तिकडे सरकत गेली; ह्या कडेचे आणि त्या कडेचे मध्ये येऊन बसले. पुढे पुढे तर अशी गत झाली की माणूस फोनवर तक्रार सांगत असायचा आणि मागे आमच्या फिटरने वाजवलेली त्याच्याच दाराची बेल आम्हाला ऐकू यायची. खोटं वाटत असेल तर त्या फिटरला विचारा.

आणि साहेब? पार्टिशनबरोबर मिस्त्री त्यांचं टेबलही दर शनिवारी दोन सूत मागे घ्यायचे. टेबल आणि मागचं कपाट ह्यांमधून निघायला साहेबांना जड जाऊ लागलं. त्यांना वाटलं, आपण जाड होतोय. ते सकाळी फिरायला लागले. मग पळायला लागले. तेरा किलो उतरले, तरी खुर्चीतून उठताना पोट घासायचंच. तिथे बसण्यापेक्षा बाहेर बरं म्हणून ते हॉलमध्ये चकरा मारू लागले, लोकांच्या कामात डोकावू लागले, आणि असं करता करता त्यांना आमची नावंसुद्धा पाठ झाली.

पडद्याचं काम मिस्त्रींच्या घरी. दर महिन्याला पडदा धुवायला म्हणून न्यायचा आणि त्यांच्या मंडळी इंचभर दुमड घालून परत द्यायच्या. "अहो, तुमच्या साहेबांचा पडदा आटतो की काय?" त्या विचारायच्या. "ऑफिसचं कापड," मिस्त्री म्हणायचे.

असे दोनशे चाळीस शनिवार गेले. पहिली खिडकी पुरी आमच्याकडे आली. दुसरी यायला अजून तेवढेच शनिवार हवे होते, आणि मिस्त्रींच्या निवृत्तीला उरले होते आठ. आठ शनिवारांत दोन इंच. "खिडकीपर्यंतही पोचत नाही," एवढंच ते म्हणायचे, आणि रंधा घासत राहायचे.

अशात ही टेप निघाली.

साहेब केबिनमधून बाहेर आले. "ऑफिसचे पाच फूट चोरीला गेलेत! ज्याने नेले असतील त्याला आजच्या आज घरी बसवतो." साहेबांची नजर फिरत फिरत मावशींवर थांबली. "मावशी, तुम्ही रोज केबिन झाडता. तुम्हाला माहीत असणारच."

मावशींनी झाडू आपटला. "साहेब, मी कचरा नेते! फूट नाही नेत!"

"मग काय आपोआप गेले? सांगा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मागून आवाज आला, "साहेब, माझ्याकडे आहेत."

मिस्त्री पुढे आले. कानावर पेन्सिल, हातात फडकं.

"काय आहे तुमच्याकडे?"

"पाच फूट."

"तुम्ही चोरलेत?"

"चोरले नाहीत साहेब. उचलून तिकडे ठेवलेत." त्यांनी हात केला. तिकडे सकाळचं ऊन पडलं होतं, आणि उन्हात ताई, भाऊ आणि सगळी टेबलं.

"कोणाच्या परवानगीने?"

"तुमच्याच."

आता मात्र मला बसवेना. रेकॉर्डमध्ये धावलो. मी आणि धावणं! लोकांना वाटलं, आग लागली. तळाच्या फळीवरचं बासन सोडलं, अर्ज काढला आणि साहेबांपुढे धरला. त्यांनी तो वाचला. स्वतःची सही बघितली. परत वाचला. आमच्या चव्वेचाळीस डोळ्यांना त्यांचा चेहरा काही थांग लागू देईना.

बाईंनी विचारलं, "मिस्त्री, रोज किती सरकवायचात?"

"रोज नाही बाई. दर शनिवारी दोन सूत."

"आणि हे असंच मांडायचं, हे कुठे शिकलात?"

"शिकलो नाही. माणसं उजेडाकडे सरकतात, मी फक्त उजेड त्यांच्याकडे सरकवला."

बाईंनी वही मिटली. "साहेब, मी जे शोधायला आले होते ते मिळालं. वर काय लिहायचं ते तुम्ही सांगा."

साहेबांनी अर्जाची घडी करून खिशात ठेवली. मग त्यांनी हळूच स्वतःच्या पोटावरून हात फिरवला.

"म्हणजे मिस्त्री... मी जाड झालो नव्हतो?"

"नाही साहेब. तुम्ही होतात तसेच होतात. टेबल सरकत होतं."

"चार वर्षं मी रात्रीचा भात सोडलाय!" साहेब ओरडले. आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. मावशी पहिल्या हसल्या, मग ताई, मग सगळा हॉल. साहेबांनी डोळे पुसत मावशींपुढे हात जोडले. "चुकलो मावशी." आणि मिस्त्रींकडे वळून विचारलं, "कुठपर्यंत न्यायचा विचार होता?"

"दुसऱ्या खिडकीच्या पलीकडे. पण आठच शनिवार राहिलेत."

साहेबांनी बाह्या सारल्या. "सगळे या इकडे. आज शनिवार समजा."

मिस्त्रींनी पाचरी काढल्या. बावीस माणसं, साहेब आणि बाई, सगळ्यांनी पार्टिशनला खांदा लावला. ज्याला अजून पाच वर्षं लागली असती ते पाच मिनिटांत झालं. मिस्त्री एकटेच बाजूने पळत होते, "हळू! अहो हळू! दोन सूत तिरकं जातंय!"

"थांबा!" सहा फूट उरल्यावर साहेब म्हणाले. "एवढं असू द्या. रागवायला एक दार लागतं. खिडकी बघायला मी बाहेर येईन."

पडदा निघाला. दुसऱ्या खिडकीचं ऊन थेट जमिनीवर येऊन पडलं आणि तिथल्या, पुसून पुसून फिकट झालेल्या पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. पाच फुटांत दोनशे चाळीस, एकीशेजारी एक. बाई खाली बसून त्यांवरून बोट फिरवत होत्या. मावशींनी त्या दिवशी तेवढा भाग पुसला नाही.

बाईंनी दोन दिवसांनी नवा नकाशा काढून आणला. त्यात तेवीस खुर्च्या होत्या. "आम्ही तर बावीस," मी म्हणालो. "मोजायला चुकलात."

"मी मोजायला चुकत नाही, काका," बाई म्हणाल्या. तेविसावी खुर्ची दुसऱ्या खिडकीखाली होती.

मिस्त्रींच्या शेवटच्या शनिवारी आम्ही त्यांना तिथे नेलं. ते नको नको म्हणत होते. साहेबांनी खांदे धरून बसवलं. तीस वर्षांत त्या ऑफिसात ते पहिल्यांदा बसले. पाठ टेकली. ऊन गुडघ्यांवर आलं. खुर्ची किंचित डुलली, आणि त्यांनी सवयीने एक डोळा मिटला.

"दोन सूत कमी आहे," ते म्हणाले. "मागचा डावा पाय."

मी खिशातून पाचर काढून पुढे केली. मिस्त्रींनी ती घेतली, उलटसुलट बघितली, वरच्या खिशात ठेवून दिली, आणि डोळे मिटून त्या दोन सुतांवर पुढे-मागे डुलत बसले.