मला पिवळाधमक केलं तेव्हा

मित्रांनो, मी स्पंज आहे. जुना, तपकिरी आणि हाताला बुळबुळीत. एका बाईने मला चक्क उकळलं होतं! इतकी वर्षं लोटली, तरी अजून मला ते खरं वाटत नाही.

नागपूरच्या सदर भागात सोफ्यांचं एक दुकान होतं. तिथे गादी कापून उरलेला मी एक पिवळाधमक तुकडा होतो. शालिकराम नावाचे एक कारकून मला घरी घेऊन गेले. वाटलं, आता जन्मभर भांडी घासायची. पण त्यांनी माझ्या पोटात काचेची नळी खुपसली, तिला हवेच्या पंपाची रबरी नळी जोडली आणि मला माशांच्या पेटीत बुडवलं. बुडबुडे वर जायचे, त्यांच्याबरोबर पाणी ओढलं जायचं आणि माझ्या भोकाभोकांतून गाळून निघायचं.

मी नवा कोरा, पाणी नितळ, आणि थोड्याच दिवसांत मासे मेले. सगळे! मला धक्काच बसला. एवढा स्वच्छ मी असताना हे झालंच कसं? शालिकरामही कपाळाला हात लावून बसले.

मग ठेचा खात खात दोघांनाही उमगत गेलं. मासे पाण्यातच खातात आणि पाण्यातच घाण करतात. त्या घाणीतून विष तयार होतं. ते दिसत नाही, पण माशांचे कल्ले जाळतं. हे विष खाऊन टाकणारे इवले जीव असतात, तेही डोळ्यांना दिसत नाहीत. नव्या स्पंजात ते नसतात. सावकाश येतात आणि बिऱ्हाड थाटतात. माझ्यात ते आले, मी पिवळ्याचा तपकिरी झालो आणि मासे जगू लागले. तेव्हापासून शालिकराम मला नळाखाली कधी धरत नसत. पेटीतलंच पाणी बादलीत काढून त्यात हलक्या हाताने खळबळत, तेही क्वचित.

पाहुणे येत, माशांचं कौतुक करत आणि माझ्याकडे बोट दाखवून नाक मुरडत. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण शालिकरामांची मुलगी गोपिका हिचा एंजल माशांवर भारी जीव. तिने त्यांची एक जोडी बोटाएवढी होती तेव्हापासून वाढवली होती. ती जोडी जगत होती ती माझ्या भरवशावर, एवढं मला पुरे होतं.

पुढे गोपिकेचं लग्न ठरलं. नवरा ताराचंद खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला. कॉलनीतल्या क्वार्टरात त्याने तिच्यासाठी नवी पेटी करून घेतली. लग्न होऊन ती सासरी निघाली त्या दिवशी शालिकरामांनी कात्री उचलली आणि मला मधोमध कापलं! ओरडायला तोंड असतं तर सारं सदर गोळा केलं असतं. एक अर्धा तुकडा जुन्या पेटीत राहिला. दुसरा मी. मला पेटीतल्या पाण्यासकट स्टीलच्या डब्यात ठेवलं.

"गोपिका, नव्या पेटीत आधी हा टाकजो, मंग मासे सोडजो," शालिकराम म्हणाले. "अन् धू नको वं याले!"

गोपिकेने नव्या घरी डबा ओट्यावर ठेवला. एंजलची ती जोडी जुन्या पेटीतल्या पाण्याच्या कॅनमध्ये होती. पण नवरानवरीने आधी जोडीने देवदर्शन करून यायचं, मग घरातल्या कामाला हात लावायचा, अशी रीत. दोघं देवाला गेली आणि तिच्या सासूबाईंनी, रुखमाबाईंनी, डब्याचं झाकण काढलं.

"अवं माय! सूनबाईच्या माहेरचं सामान अन् असं घान? सांजच्याले बाया येतीन हळदीकुंकवाले, नावं ठेवतीन पोरीले!"

बाई मनाने सोन्यासारखी. सुनेची लाज राखायची म्हणूनच तिने शेगडी पेटवली, पातेल्यात पाणी ठेवलं, मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि मला त्यात सोडलं. मित्रांनो, मी रबराच्या जातीचा, मी मेलो नाही. पण माझ्या प्रत्येक भोकात कोणीतरी राहत होतं. पाण्याला उकळी फुटेपर्यंत सगळी बिऱ्हाडं संपली. मग तिने मला पिळलं आणि उन्हात घातलं. शेजारची पंचफुला कुंपणावरून म्हणाली, "काय चकचकीत केलं वं रुखमाबाई!"

आयुष्यातली पहिली शाबासकी! मी आतून पार रिकामा होतो.

गोपिका परतली तेव्हा सासूबाईंनी मला नव्या पेटीत बसवलंही होतं. "आत्याबाई, नवा स्पंज आनला का?" तिने विचारलं.

"नवा कायले? तोच हाय. सोड्यात उकळला मी!"

गोपिकेने कॅनमधल्या जोडीकडे पाहिलं. पण लग्नाला दोन दिवस झालेली सून सासूला काय बोलणार? कॅनमध्ये मासे गुदमरले असते, म्हणून तिने ते पेटीत सोडले आणि हात जोडले. मी नुसता बुडबुडे सोडत राहिलो. पाण्यात विष चढताना मला कळत होतं आणि मला काही करता येत नव्हतं.

एका सकाळी नर उलटा तरंगत होता.

"अन् ही दुसरी काहून वर येऊन तोंड वासून राहिली वं?" रुखमाबाईंनी घाबरून विचारलं. तेव्हा गोपिकेचा बांध फुटला. रडत रडत तिने सगळं सांगितलं. रुखमाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हंजे मी विरजनच उकळलं म्हन की!"

त्यांनी डबा घेतला आणि मिळेल त्या एस.टी.ने सदर गाठलं. मुलाची आई, वरमाय! विहिणीने मानपान घ्यायला यायचं असतं, मागायला नाही. पुढचं त्यांनीच घरी येऊन सांगितलं. शालिकरामांनी दार उघडलं आणि ते चाटच पडले.

"विहीणबाई, तुमी? एकट्या?"

दारातच हात जोडून रुखमाबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या घरची घान मागाले आली मी."

शालिकरामांनी आपल्या अर्ध्या तुकड्याचा अर्धा कापून दिला. डबा मांडीवर धरून त्या परतल्या आणि आल्या आल्या तो तुकडा माझ्यावर स्वतःच्या हाताने पिळला. काळा ओघळ सोन्याच्या बांगड्यांवरून वाहिला, तरी त्यांनी हात मागे घेतला नाही. मग तो तुकडा त्यांनी माझ्याशी दोऱ्याने बांधला. रोज थोडं शिळं पाणी बदलत दोघी सासू-सुना पेटीपुढे बसून राहिल्या. नर गेला तो गेलाच. मादी मात्र एका दुपारी खाली उतरली आणि दाणा टिपू लागली.

मी पुन्हा तपकिरी झालो. एकदा पंचफुला आली आणि नाक मुरडून म्हणाली, "ही घान कायले ठेवली वं?"

"हात नोको लावू," रुखमाबाई म्हणाल्या. "भरलं घर हाय ते."

मित्रांनो, हात धुवा, भांडी घासा, पाटी पुसा. पण मळलेल्या वस्तूवर उकळतं पाणी ओतण्याआधी एकदा थांबून विचारा, आत कोणी राहतं का?