मांजरपाटाची मोटार

आमच्या ह्यांनी बैठकीच्या खोलीत मोटार शिवली. हो, शिवली. मांजरपाटाची, पडद्याच्या चार दांड्यांची आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या दोन स्टुलांची. स्टुलांचे पाय त्यांनी मला न विचारता करवतीने कापले, ते मी अजून विसरलेले नाही.

हे कोट शिवतात. शिवायचे, म्हणायला हवं; गेल्या महिन्यात दुकान विकून आम्ही दोघं घरी बसलो. चाळीस वर्षं हे पुढे कापायच्या टेबलाशी आणि मी फळीच्या मागे काज-बटणांना. सगळे ह्यांना मास्टर म्हणतात. मला कोणी काही म्हणत नाही, कारण फळीमागचं माणूस गिऱ्हाइकाला दिसतच नाही.

या माणसाला आयुष्यात एकच वेड: एक जुनी स्पोर्ट्स कार. दोन सीटची, बुटकी, गडद हिरवी. तिचं चित्र टेबलाच्या काचेखाली होतं आणि तिच्यासाठी बारा वर्षांपूर्वी लायसन्ससुद्धा काढून ठेवलं होतं. ते दर वेळी नवं करायचे आणि पुन्हा कपाटात ठेवायचे.

ह्यांचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, निवृत्त इंजिनियरसाहेब. जुन्या गाड्या जमवायचा त्यांना नाद. त्यांच्याकडे नेमक्या त्याच मॉडेलच्या दोन गाड्या, एकाच सालच्या, एकाच रंगाच्या. फरक एवढाच की एकीला पक्कं छप्पर, तिला कूपे म्हणायचं. दुसरीचं छप्पर कापडाचं, मागे दुमडून ठेवता येणारं, ती कन्व्हर्टिबल.

"मास्टर, माझ्याच्याने आता दोन्ही सांभाळणं होत नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही एक निवडा. उरलेली एक हॉटेलवाला नेतोय. त्याला कुठलीही चालेल, नुसती दाराशी उभी करायचीय. फक्त रविवारी अकरापर्यंत सांगा."

तो दिवस सोमवार होता. मोजे निवडायला ह्यांना पाऊण तास लागतो.

ह्यांचा धंद्यातला एक नियम होता: कच्च्या शिलाईची ट्रायल घेतल्याशिवाय चांगल्या कापडाला कात्री लावायची नाही. आधी स्वस्त मांजरपाटाचा कोट, तो अंगावर चढवून बघायचा, मग खरा. नियम कोटापुरता होता असं मला वाटायचं. मंगळवारी हे टेप घेऊन साहेबांच्या गॅरेजमध्ये गेले आणि तीन तास मापं घेत बसले. तिथल्या मेकॅनिकने शेवटी विचारलं म्हणे, "मास्टर, गाडीला कोट शिवताय का?"

बुधवारी खोलीतलं सामान भिंतीला गेलं. फरशीवर टेलरच्या खडूने गाडी आखली गेली, बॉनेट थेट फ्रिजच्या दारापर्यंत. दांड्या उभ्या राहिल्या, त्यांवर मांजरपाटाचं छप्पर टाचलं गेलं. स्टिअरिंग म्हणून माझ्या मोठ्या पातेल्याचं झाकण. वरच्या मजल्यावरच्या ताई साखर मागायला आल्या, दारातच थबकल्या आणि साखर न घेताच परत गेल्या.

"आधी कूपे," हे म्हणाले. स्वतः शिवलेली चौकड्याची नवी टोपी घालून आत शिरले आणि झाकण धरून तासभर बसले. मी सोफ्यावरून बघत होते. एवढं बिनबोभाट वेड माणसाच्या हातून पुन्हा घडेल याची खात्री नसते.

मग छपराच्या टाचण्या काढल्या, समोर टेबलफॅन लावला आणि कन्व्हर्टिबलची ट्रायल सुरू झाली. डोक्यावरचे सहा केस, जे हे रोज निगुतीने आडवे बसवतात, ते उभे राहिले.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"वारा लागतो."

"पंखा बंद करा मग."

"तू कळत नाहीस बघ," हे म्हणाले. त्यांना म्हणायचं होतं, तुला कळत नाही. वाऱ्याने जीभसुद्धा वळत नव्हती.

शुक्रवारपर्यंत चालकाच्या बाजूने मापाची वही भरत आली. पण मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ह्यांचा जीव कूपेवर जडला होता. रात्री जेवताना म्हणाले, "तिच्या छपराची ओळ मागे उतरते ना, तशी ओळ कोटाच्या खांद्याला जमायला मला वीस वर्षं लागली." एवढं मोठं वाक्य हे माझ्याशी दुसऱ्यांदाच बोलले. पहिल्यांदा बोलले होते ते लग्न ठरताना.

शनिवारी सकाळी मी चहा घेऊन गेले आणि म्हटलं, आपणही बसून बघू. चाळीस वर्षं एका दुकानात काढली, पण शेजारी बसून एकाच दिशेला तोंड करून आम्ही कधी काही केलेलं नव्हतं. दुसऱ्या स्टुलावर दुकानातली इस्त्रीची पेटी ठेवली होती. ती हलवायला वाकले तर खालीच वही उघडी पडलेली. सुवाच्य अक्षर. 'चालक: बसून उंची, खांदे, गुडघा.' सगळी मापं इंचाच्या आठव्या भागापर्यंत. त्याखाली, 'शेजारची जागा: बॅग.'

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, वाईट वाटण्याआधी राग आला. ह्यांच्या एकेका कोटाला माझ्या हातची काजं, आणि गाडीत माझी जागा बॅगेची! मी चहा खाली ठेवला आणि आत जाऊन मोठमोठ्याने भांडी घासली. भांडी आधीच घासलेली होती.

हे दाराशी आले. टोपी तशीच. "काय झालं?"

"काही नाही. बॅगेला विचारा."

ह्यांनी वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. खरोखरच गोंधळले होते. "अगं, पण तुला गाडी लागते ना?"

लागते. हेही खोटं नाही. बस सुरू व्हायच्या आधी मला मळमळायला लागतं. आमच्या मुलीच्या लग्नाला वऱ्हाडाची बस चार वेळा थांबवली होती, माझ्यासाठी. त्यानंतर आम्ही कुठे गेलो नाही. ह्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी म्हटलं नाही. हे मनातल्या मनात समजून बसले होते, की ही यायची नाही.

"मला ट्रायल दिलीत का कधी?" मी म्हटलं.

ट्रायल न देता निकाल लावला, याहून मोठं पाप ह्यांच्या धंद्यात नाही. हे परत स्टुलावर जाऊन बसले, पातेल्याचं झाकण डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. "ही खोली हलत नाही," म्हणाले. "हिच्यात तुझी ट्रायल होणार नाही."

रविवारी नऊ वाजता आम्ही साहेबांकडे हजर. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, आणि मला मान्य करावं लागलं की कूपे दिसायला नुसती देखणी होती. "वहिनी, काच मात्र खाली करू नका," साहेब म्हणाले. "कारखान्यातून आलेली काच आहे. वीस वर्षं हलवलेली नाही."

आम्ही दोघं आत बसलो. ह्यांनी दार लावलं, इंजिन सुरू केलं आणि असे हसले की मला ओळखूच येईनात. पहिलं वळण ठीक गेलं. दुसऱ्या वळणाला कपाळावर घाम. तिसऱ्याला मी ह्यांच्या बाहीला हात लावला. ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि क्षणाचाही विचार न करता डोक्यावरची टोपी काढून माझ्यापुढे धरली. मी टोपीत उलटी केली. हाताने टाचलेलं अस्तर होतं तिला.

परत आल्यावर साहेबांनी विचारलं, "टोपी कुठे गेली?"

"आखूड होत होती," हे म्हणाले.

मी ओट्यावर बसले होते. तोंड धुतलं, पाणी प्यायले आणि मनाशी ठरवलं. "हीच घ्या," मी म्हटलं. "खरंच घ्या. मी घरी सुखात असते. तुम्ही फिरून या आणि मला सांगा." हे सांगणाऱ्यातले नाहीत, हे मला माहीत होतं. तरी मनापासून म्हटलं.

"आधी दुसरी," हे म्हणाले. "ट्रायल म्हणजे ट्रायल."

कन्व्हर्टिबलचं छप्पर मागे दुमडलं. मी पोटावर हात ठेवून, डोळे मिटून बसले. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला मी एक डोळा उघडला. तोंडावर वारा, वर आभाळ, पोट जागच्या जागी. पाचव्या वळणाला रस्ता संपून साहेबांचं फाटक आलं.

"आणखी एक चक्कर मारा," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणालीस?" वाऱ्यात ऐकू आलं नसेल, किंवा पुन्हा ऐकायचं असेल.

"चक्कर मारा म्हटलं! बहिरे झालात का?"

ह्यांनी चार चकरा मारल्या. मी रस्ताभर बोलत होते. हेही काहीतरी बोलत होते, पण अर्धं वाऱ्याने नेलं. अकराला पाच कमी असताना गाडी आत घेतली तेव्हा ह्यांचे सहाच्या सहा केस उभे होते आणि ते बसवायचं त्यांना सुचलंही नव्हतं.

"बोला मास्टर," साहेब म्हणाले. "कोणती?"

हे उतरले आणि सरळ कूपेकडे गेले. त्यांनी तिच्या छपरावरून हात फिरवला, खांद्यापासून मागे पाठीपर्यंत, जसा तयार कोटावरून गिऱ्हाइकाला देण्याआधी फिरवायचे. पुष्कळ वेळ हात तिथेच होता.

"फार सुंदर बसलीय ही," शेवटी म्हणाले. "पण एकालाच होते. आम्ही दोघं आहोत."

घरी येऊन ह्यांनी मांजरपाट उतरवलं, फरशी पुसली. मग वही काढली, 'बॅग'वर रेघ मारली आणि टेप घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. "उघड्या गाडीत गारठशील. कोट लागेल."

चाळीस वर्षांत ह्यांनी माझं माप घेतलेलं नव्हतं. माझे कपडे मीच शिवायची, उरलेल्या कापडात. मी ताठ उभी राहिले, पोट आत ओढून.

"श्वास सोड," हे म्हणाले. "सगळेच ओढतात." आणि माझ्या खांद्याचं माप लिहिलं, इंचाच्या आठव्या भागापर्यंत.

"आणि बॅगेचं काय?" मी विचारलं.

"मांडीवर घे."