काळ्यावर पिवळं

बाबांचा कॉम्प्युटर सुरू झाला की आधी कोणती सिस्टिम सुरू करायची याची एक यादी येते: तीन ओळी, आणि निवडायला दहा सेकंद. नकाशे काढायचा त्यांचा जुना प्रोग्राम तिसऱ्या ओळीतल्या सिस्टिमवरच चालतो. नोकरीत चाळीस वर्षं नकाशे काढले, निवृत्तीनंतरही सोडवत नाही. यादीचा रंग जांभळा, त्यावर करड्या, किरट्या अक्षरांच्या ओळी. धडधाकट माणसालाही डोळे ताणावे लागतील!

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी शेवटच्या तपासणीत मला दोन पावलं बाजूला घेऊन सांगितलं, "घरी बघा, काळ्यावर पिवळं ठळक अक्षर वाचता येतंय का. येत असेल तर इंजेक्शनं चालू ठेवू. नाहीतर उगीच डोळ्यात सुया कशाला?"

दादा म्हणाला, "काही उपयोग नाही गं आता." मी त्याच्यावर अशी खेकसले की त्याने फोनच ठेवला. बाबा कालच म्हणाले होते, जांभळ्यामुळे त्रास होतो, बाकी सगळं दिसतं. मग जांभळा घालवू की! माझं कामच ते आहे.

रविवारी सकाळी बसले. रंगाची फाईल उघडली. तिच्या डोक्यावरच लिहिलेलं असतं की ही फाईल हाताने बदलू नका, ती आपोआप तयार होते. ऑफिसात यावरून मी रोज कुणा ना कुणाला फैलावर घेते. आज म्हटलं, दोनच ओळी तर आहेत. पार्श्वभूमी काळी, अक्षरं पिवळी. सेव्ह केलं, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने बोटांनी यादी नव्याने तयार करायची कमांडही देऊन टाकली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला.

"बाबा, या. बसा इथे."

ते खुर्ची चाचपत बसले. पडद्यावर यादी आली. जांभळी. करडी, किरटी अक्षरं, जशीच्या तशी. त्या कमांडने फाईल पुन्हा तयार केली आणि माझं हाताचं काम पुसून टाकलं. अगं बयो, काय हा शहाणपणा! स्वतःला शिव्या घालायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा बोलले.

"वा! आता कसं झालं! काळंकुळकुळीत. अक्षरं पिवळीधम्मक. लेक कुणाची आहे!"

त्यांनी खालच्या बाणाची कळ मोजून दोनदा दाबली आणि एंटर मारलं. नकाशांची सिस्टिम सुरू व्हायला लागली.

मला रडू फुटत होतं, आणि रागही येत होता. कुणाचा, ते सांगता येणार नाही. मग वाटलं, थांब. मी काळं करते म्हणून तीनदा सांगितलेलं, म्हणून म्हणाले असतील. माणूस मुलीचं मन राखायला काहीही बोलतो. खरं काळं-पिवळं समोर आलं की फरक कळेल. कळायलाच हवा.

"बाबा, एक राहिलंय. दोन मिनिटं."

"कर की. मी कुठे जातोय?"

या वेळी शहाण्यासारखं केलं. रंग जिथे लिहायचे तिथे लिहिले, मागचं चित्र काढून टाकलं, अक्षरं दुप्पट मोठी केली, मग यादी नव्याने तयार केली. बंद, चालू. पडदा काळा झाला आणि त्यावर तीन पिवळ्या ओळी आल्या. दाराबाहेरून वाचता आल्या असत्या इतक्या ठळक.

बाबा पडद्याकडे तोंड करून बसले होते. पिवळा उजेड त्यांच्या चष्म्यावर पडला होता.

"आता कसं आहे, बाबा?"

"कसं म्हणजे? अगं, मघासारखंच आहे. तेव्हाच छान झालं होतं, उगाच पुन्हा खटाटोप केलास." त्यांनी खालची कळ दोनदा दाबली, एंटर मारलं, आणि माझा हात शोधून धरला. "डॉक्टरीणबाईंना सांगशील ना, वाचलं म्हणून?"