अमृतरावांचं हिमालयदर्शन

उदगीरच्या आडत बाजारात अमृतरावांना जो मान होता, तो काही तुरीच्या भावामुळं नव्हता. बाजार थंडावला की दरसाल हा माणूस हिमाचलात जायचा, डोंगर चढून एका तळ्याकाठी म्हणे शंकराचं ध्यान करायचा, आणि येताना बाटलीभर पाणी आणायचा. त्यांची बायको महादेवी ते पाणी गल्लीत पळीपळीनं तीर्थ म्हणून वाटायची. म्हाताऱ्या ते डोळ्यांना लावायच्या, आणि हा बाबा खाली मान घालून बसायचा. काय तो विनय!

"आवं, देव तर गळ्यात हाय की," महादेवी सुरवातीला म्हणायची. खरंच होतं ते. लिंगायताचा देव गळ्यातल्या चांदीच्या डबीत असतो, जिवंत असेपर्यंत तो अंगावेगळा करत नाहीत. मग एवढं लांब कशाला?

"ती जागाच येगळी हाय," अमृतराव म्हणायचे. "बायामानसाला झेपत न्हाई तिथं."

झेपत नाही! ते तिकडं गेले की ही इकडं टँकरची वाट बघत उन्हात उभी. घागरी घेऊन दोन मजले चढायची, शिवाय ते परत येईपर्यंत एकभुक्त राहायची.

यंदा पुण्याच्या लेकानं, अमरनाथनं, परस्पर दोघांची तिकिटं काढली. अमृतरावांचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं झालं. पण लेकापुढं बोलणार काय?

चढ लागल्यावर ते दर वळणावर थांबायचे. "दम लागला असंल तुला. फिर माघारी, मी दर्शन घेऊन येतो."

"दम तुमाला लागलाय," महादेवी म्हणाली आणि पुढं निघाली.

डोंगराची शेवटची धार ओलांडली आणि तिचे पाय जागीच थांबले. वर बर्फ, खाली तळं. तळाचे दगडगोटे दिसावेत इतकं नितळ. एवढं पाणी, आणि काठावर ना रांग ना भांडण! तिनं हात जोडले, डोळे भरून आले. नवऱ्याविषयी मनात कधी शंका आली असेल, तर तिची तिलाच लाज वाटली.

तेवढ्यात अमृतरावांचा दरसालचा वाटाड्या नेगी आला. एका हातात मासे धरायची काठी, दुसरा हात अमृतरावांपुढं पसरलेला.

"बाऊजी, डिब्बी दीजिए. संभालकर रखता हूँ."

अमृतरावांना एकदम ठसका लागला.

"कौनसी डिब्बी, भैया?" महादेवीनं विचारलं. "कायकू?"

नेगी बिचारा भोळा. त्यानं कौतुकानं सगळं सांगून टाकलं. बाऊजी देव गळ्यात ठेवून गळ टाकत नाहीत. आधी डबी उतरवून त्याच्याकडं देतात. मग ट्राउट मासे धरतात, मोहरीच्या तेलात दोन तळून खातात, चूळ भरतात आणि डबी परत घालतात. "बहुत धार्मिक आदमी हैं," तो म्हणाला.

महादेवीचा चेहरा लालबुंद झाला.

"शिवा शिवा! लिंगायत असून मासा खाल्ला, खाल्ला. जग खातंय. पन देव उतरून ठेवलात? त्याला दिसू नये म्हनून? आनि मला? मला तर घरीच उतरून ठेवून आलात की! हे पानी मी अख्ख्या गल्लीला पाजलं. तुमच्या नावानं उपाशी ऱ्हायले. अन तुमी हितं ढेकर देत बसला व्हता!"

"आगं, नेगी ऐकतोय..."

"ऐकू द्या! झेपत न्हाई म्हनं! तुमाला तरी झेपलं का खरं बोलायचं?"

 उतरताना अमृतरावांनी शपथा घेतल्या, रेल्वेत हात जोडले. "पुन्यांदा न्हाई करनार. पन उदगिरात बोलू नको, नाक कापलं जाईल माझं." महादेवी खिडकीबाहेर बघत राहिली. बायको गप्प बसली म्हणजे तिनं मान्य केलं, असं समजणारे नवरे गल्लोगल्ली असतात. हेही त्यातलेच. लातूर येईस्तोवर त्यांना भूकसुद्धा लागली.

दारात नेहमीप्रमाणं गल्ली जमली होती. सगळ्यांत थोरली पार्वतम्मा काठी बाजूला ठेवून अमृतरावांच्या पायाशी वाकायला लागली. आणि त्यांनी, काय म्हणावं या माणसाला, सवयीनं मान खाली घातली!

महादेवीनं म्हातारीचा दंड धरला.

"अव्वा, थांब. ह्यांच्या पाया पडू नको. हे तिथं मासे धरून खायला जात होते. सालोसाल. मी डोळ्यानं बघून आले."

 अमृतरावांनी "आगं..." म्हटलं.

"आगं न्हाई आन बिगं न्हाई." महादेवीनं लुगडं घोट्यापर्यंत उचललं आणि चालून चालून सुजलेली पावलं पुढं केली. "पडायचंच असंल तर ह्या पाया पड, अव्वा. डोंगर चढून देव बघून आले ती मी."

पार्वतम्मानं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. आणि कण्हत कण्हत महादेवीपुढं वाकली.