यजमान कोण?

बसवाडीच्या पंचाक्षरी पुरवंताला राग फार लवकर येतो, असं त्याची बायको शिवम्मा चारचौघांत सांगते, आणि ती सांगते तेव्हा पंचाक्षरीला राग येतो. पण त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. घराण्याला वारसाच रागाचा. वीरभद्र हा शंकराच्या संतापातून जन्मलेला देव आणि पुरवंत म्हणजे त्या देवाचा माणूस. जत्रेच्या दिवशी छातीवर वीरभद्राचा पितळी मुखवटा बांधायचा, पायांत घुंगरू चढवायचे, तलवार उपसायची आणि दक्षाच्या यज्ञाची गोष्ट गर्जून सांगायची. दक्ष राजानं यज्ञ मांडला, झाडून सगळ्या देवांना बोलावणं धाडलं आणि खुद्द जावयाला, शंकराला, तेवढं टाळलं. सती न बोलावता माहेरी गेली, तिथं नवऱ्याचा अपमान ऐकला आणि तिनं जीव दिला. मग वीरभद्र आला, यज्ञ उधळला आणि दक्षाचं मुंडकं उडवलं. तलवार नाचवत म्हणायच्या या कवनाला तिकडे ओडप म्हणतात. बसवाडी उदगीर तालुक्यातली, त्यामुळे ओडप अर्धं कानडीत, अर्धं मराठीत.

बसवाडीच्या ओडपाच्या दोन रीती होत्या. सुरुवातीला पुरवंत लोकांना विचारणार, ‘सांगू का?’ लोकांनी ‘सांग!’ म्हणून हुंकार दिला तरच तलवार म्यानातून बाहेर यायची. आणि शेवटी, दक्षाचं मुंडकं उडाल्यावर, जत्रेचा जो यजमान असेल त्यानं पुढं यायचं, उघड्या तलवारीसमोर मान वाकवायची आणि दक्षाच्या वतीनं म्हणायचं, ‘चुकलं.’ बस, एवढंच. तेवढ्यानं वीरभद्राचा राग उतरायचा, दक्षाला बोकडाचं का होईना पण डोकं मिळायचं आणि तलवार म्यानात जायची. हा यजमानपणाचा मान महादेवप्पा दुकानदाराकडे होता. महादेवप्पा मापात मारतो हे सगळ्या गावाला ठाऊक, त्यामुळे तो मान वाकवून ‘चुकलं’ म्हणाला की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. महादेवप्पाही हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान उघडायचा.

उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा बसवाडीत पेढे वाटले होते. आता कचेरी जवळ आली, कामं झटपट होतील, असं सगळे म्हणाले. कचेरी जवळ आली हे खरं. पाऊस मात्र लांब गेला. विहिरींचे तळ दिसले. जनावरं बाजाराला गेली. अर्ध्या गावाबरोबर पंचाक्षरी आणि शिवम्मा पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागले, तो खडी फोडायला, ती माती वाहायला. पंचांनी जत्राही रद्द केली. पंचाक्षरीचा धाकटा भाऊ सिद्धेश्वर ओडपाला संबळ वाजवायचा. त्यानं हैदराबादला एका तेलाच्या गिरणीत काम ठरवलं. तो गेला की संबळ गेलं, आणि संबळाशिवाय ओडप म्हणजे नुसती आरडाओरड. पंचाक्षरीनंतर म्हणणारा तर कुणी नव्हताच. आपल्यासोबत हे सगळं मातीत जाणार, या विचाराचा राग तो खडीवर काढायचा.

अशात एक दिवस कामावर जीप आली. जीपमधून साबणे साहेब उतरले. ते सांस्कृतिक कामाचे अधिकारी होते. नव्या जिल्ह्याला स्वतःची संस्कृती पाहिजे होती, आणि ती पंधरवड्यात पाहिजे होती, म्हणून साहेब गावोगाव फिरत होते. लातूरला जिल्हा महोत्सव होता, मंत्रीसाहेब येणार होते आणि समितीला पसंत पडेल त्या पथकाला दरसाल सरकारी अनुदान मिळणार होतं.

“ओडप फक्त दहा मिनिटं,” साबणे साहेब पंचाक्षरीला म्हणाले. “तलवारीचा नाच छान दिसतो. मुंडकं उडवायचं तेवढं गाळा, पाहुण्यांसमोर अभद्र वाटतं. आणि शेवटी जिल्ह्याच्या प्रगतीवर चार ओळी म्हणा. त्या मी लिहून देतो.”

“साहेब, यकदा तलवार काढली की मधी थांबता येत न्हाई,” पंचाक्षरी म्हणाला.

“बघू हो. जमवून घेऊ.”

“आन् यजमान कोण ऱ्हाईल?”

“यजमान शासन. शासनातर्फे खुद्द मंत्रीसाहेब,” साबणे साहेब मोठ्या ऐटीत म्हणाले, आणि यजमानाला काय करावं लागतं हे न विचारताच जीपमध्ये जाऊन बसले.

त्या संध्याकाळी महादेवप्पाच्या दुकानापुढं चांगलीच जुंपली. अर्धं गाव म्हणत होतं, प्यायला पाणी न्हाई आन् हे लातुरात मांडव घालून राहिले, असल्या पैशाला शिवू नये. सिद्धेश्वर म्हणाला, “अण्णा, चार ओळी म्हणून टाक. आपल्या बापाचं काय जातंय? अनुदान मिळालं तर मी हैदराबादला जात न्हाई.” पंचाक्षरी नुसता मिशी चावत बसला. भावाचं बोलणं त्याला पटत नव्हतं आणि टाकवतही नव्हतं.

घरी आल्यावर शिवम्मानंच तिढा सोडवला. डोक्यावरची चुंबळ कोपऱ्यात टाकत ती म्हणाली, “आवं, पैसा काय सरकारनं नांगरून काढलाय का? मी काडीपेटी घेतली तरी त्यात कर हाय. पैसा आपलाच. घ्या की उजळ माथ्यानं. पर आपलाच पैसा आपल्याला देऊन वर आपलंच तोंड दाबाया लागले, तर मात्र मी ऐकून घ्यायची न्हाई.”

“म्हंजी जाऊ?”

“जावा. आन् सांगायचं तर समदं सांगा.”

महोत्सवाच्या दिवशी कामावरच्या मजुरांनाही ट्रकमधून लातूरला नेलं. मांडव भरलेला दिसायला हवा होता ना! हजेरी लागेल, असं मुकादमानं सांगितलं. पण मांडवात गेल्यावर कळलं की आत बसायला पास लागतो. पुढं सोफे, मागं खुर्च्या, आणि त्यामागं बांबूचं कुंपण. ट्रकमधली माणसं त्या कुंपणाबाहेर, उन्हात. पंचाक्षरी मुखवटा बांधत पडद्याआड उभा होता. तेवढ्यात मैदानात टँकर आला. कुंपणाबाहेरच्या बायका आशेनं उठल्या. टँकरवाल्यानं नळी काढली आणि मंत्र्यांच्या गाडीच्या वाटेवर, धुरळा बसावा म्हणून, पाणी शिंपडायला सुरुवात केली. बायका उभ्याच राहिल्या. शिवम्मा त्या ओल्या मातीकडे बघत होती, आणि पंचाक्षरी शिवम्माकडे. त्याला आयुष्यात पुष्कळदा राग आला होता, पण असा नव्हता आला. हा राग ओरडत नव्हता.

मंत्री येऊन मंचावरच्या खुर्चीत बसले आणि पंचाक्षरीचं नाव पुकारलं गेलं. सिद्धेश्वरनं संबळावर थाप दिली. पंचाक्षरी मंचावर आला, तलवारीच्या मुठीवर हात ठेवला आणि विचारलं, “सांगू का?”

सोफ्यांवरून कुणी काही बोललं नाही. एकानं टाळी वाजवली.

“सांगू का?”

साबणे साहेब बाजूनं खुणा करत होते, सुरू करा, सुरू करा. हुंकाराशिवाय सुरू कसं करणार? पंचाक्षरीनं सगळा जीव गोळा करून तिसऱ्यांदा विचारलं, “सांगू का?”

“सांग!” कुंपणाबाहेरून शिवम्माचा आवाज आला. आणि तिच्यामागून कुंपणाबाहेरचा सगळा जमाव गरजला, “सांग!”

पंचाक्षरीनं तलवार उपसली. मग तो मंचाच्या पायऱ्या उतरला, सोफे ओलांडले, खुर्च्या ओलांडल्या आणि थेट बांबूपाशी जाऊन उभा राहिला. तोंड उन्हातल्या माणसांकडं, पाठ मंत्र्यांकडं. संबळ गळ्यात घेऊन सिद्धेश्वर कुरकुरत मागोमाग गेला.

दक्षाच्या मांडवाचं वर्णन पुरवंत दरसाल नवं करतो, ती त्याला मोकळीक असते. पंचाक्षरीनं त्या दिवशी केलं ते असं:

“दक्षाच्या मांडवापुढं धुरळ्याला पाजलं पाणी,
पाण्याचे धनी उन्हात बसले, घशात कोरडी गाणी!”

“आहा रुद्रा!” बाहेरच्यांनी दाद दिली, आणि कुंपण थरथरलं.

त्याला लिहून दिलेल्या चार ओळी आठवल्याच नाहीत, असं तो पुढं सांगायचा. ते खोटं आहे. त्याला त्या चांगल्या पाठ होत्या. त्यानं सती म्हटली, तिचा अपमान म्हटला, आणि ती न बोलावता माहेरच्या दारात उभी राहते तिथं बायकांनी डोळे पुसले, कारण त्या सगळ्या तशाच उभ्या होत्या. साबणे साहेब धावत आले. पंचाक्षरीच्या वाटेला जायची त्यांची छाती होईना, म्हणून त्यांनी सिद्धेश्वरचा दंड धरला.

“वाजवणं बंद कर. वेळ संपली. अनुदान पाहिजे ना तुला?”

सिद्धेश्वरनं एकदा साहेबाकडं बघितलं, एकदा टँकरकडं. मग दंड सोडवून घेतला आणि संबळ असं बडवलं की साहेबांनी कानावर हात ठेवले. दक्षाचं मुंडकं उडालं तेव्हा बांबूचं कुंपण एका बाजूनं खाली आलं होतं आणि माणसं खुर्च्यांच्या मधल्या वाटेत शिरली होती.

मग पंचाक्षरी वळला. उघडी तलवार टोक खाली करून हातात, घामानं डबडबलेला, तो मंचावर चढला. मंत्री निघायच्या तयारीत उभे होते. दोन पोलीस पुढं सरकले.

“भिऊ नका,” पंचाक्षरी म्हणाला. “मी कुणाला माराया आलो न्हाई. आमच्या रीतीत यजमान म्होरं येऊन ‘चुकलं’ म्हणतो, मगच तलवार म्यानात जाते. यजमान कोण?”

मंत्र्यांनी जिल्हाधिकाऱ्यांकडं बघितलं. जिल्हाधिकाऱ्यांनी साबणे साहेबांकडं. साबणे साहेबांनी शेजारच्या कुंडीकडं.

“वा, वा, फार छान,” मंत्री हसत म्हणाले आणि शाल घेऊन पुढं आले.

पंचाक्षरी मागं सरकला. “शाल मागून. आदी त्यो शब्द.”

एक शब्द होता. महादेवप्पासारखा मापात मारणारा माणूससुद्धा तो दरवर्षी हसत म्हणायचा, कारण त्याला माहीत होतं की तो म्हटल्यानं कुणी लहान होत नाही. मंत्र्यांनी शाल परत तबकात ठेवली, लोकांकडं बघून हात जोडले आणि मागच्या दारानं, ओल्या मातीवरून, गाडीत जाऊन बसले. पंचाक्षरीला वाटलं होतं, मंत्री चिडतील, पोलीस धरतील. तसं काही झालं नाही, आणि त्याचंच त्याला फार लागलं. आपण मागितला एक शब्द, आणि तोही त्या माणसाला देववला नाही, असं होऊन त्याचे डोळे भरून आले.

परतीच्या ट्रकमध्ये तलवार उघडीच होती. बायकांनी अंग चोरून तिला जागा केली. शिवम्मानं ती मांडीवर आडवी धरली, आणि खड्ड्यांतून ट्रक आदळत होता तरी पात्याला कुणाचा धक्का लागू दिला नाही.

तलवार तशीच वीरभद्राच्या देवळात ठेवली. लातूरच्या एका वर्तमानपत्रानं लिहिलं की अडाणी माणसांना सरकारी पैसा देऊ नये. दुसऱ्यानं टँकरचा फोटो छापला. महादेवप्पाच्या जिवाला घोर लागला. तो पंचाक्षरीकडं येऊन म्हणाला, “राग असा उभा ठिवू नये गावात. मी म्हणतो की ‘चुकलं’. मला सवय हाय.”

“न्हाई अप्पा,” पंचाक्षरी म्हणाला. “तुमची चूक पावशेराची. ही आख्ख्या जिल्ह्याची हाय.”

तलावाच्या कामावर तर नवाच खेळ सुरू झाला. कुठल्याही साहेबाची जीप दिसली की बायका टोपली खाली ठेवून ओरडायच्या, “यजमान आला का?” ही आरोळी शेजारच्या कामांवर गेली, तिथून मुखेडच्या बाजारात गेली. साहेब लोकांना जीप लांब उभी करावीशी वाटू लागली.

शेवटी साबणे साहेब पुन्हा आले. जीप खरंच लांब उभी करून, चालत देवळापाशी आले. पंचाक्षरीशी बोलायचं त्यांनी टाळलं आणि सिद्धेश्वरला बाजूला घेतलं. “तू शहाणा आहेस. तलवार म्यानात घालून टाक, एक फोटो काढू. अनुदान तुझ्या नावानं करतो. मग तुला हैदराबादला जायला नको. निघाला होतास ना तू?”

“हाव, निघालो व्हतो,” सिद्धेश्वर म्हणाला. “पर तलवार उघडी आस्ताना संबळवाल्याला गाव सोडता येत न्हाई. तुमीच आडकवून ठिवलंय मला.”

तो देवळात गेला आणि भिंतीवरचं रिकामं म्यान काढून घेऊन आला. जुनं, लाल मखमलीचं, कडा झिजलेलं. त्यानं ते साबणे साहेबांच्या दोन्ही हातांत दिलं.

“हे लातूरला घेऊन जा. ज्याला ‘चुकलं’ म्हणायचं आसंल, त्यानं सोताच्या हातानं घेऊन यावं.”

साबणे साहेबांना ते म्यान कसं धरावं कळेना. आजूबाजूला लोक जमू लागले होते. “आणि अनुदानाचं काय करायचं?” त्यांनी कसंबसं विचारलं.

पंचाक्षरी आतापर्यंत देवळाच्या पायरीवर बसला होता. तो उठला.

“ते बी संगं आणावं,” तो म्हणाला. “ते आमचंच हाय.”