सतरा नंबरचं बोट

मानवी हृदयाची गुपितं आता विज्ञानापासून लपून राहिलेली नाहीत. निदान आमच्या काकांची तरी नव्हती. त्यांच्या बोटाला एक क्लिप होती आणि नाडीचा प्रत्येक ठोका तिथून थेट दोन मजले खाली, कंट्रोल रूममधल्या सिस्टरच्या पडद्यावर जायचा. सिस्टर एका वेळी चाळीस पेशंट सांभाळायची. चेहऱ्याने ती एकालाही ओळखत नव्हती. काका म्हणजे सतरा नंबर.

"नाडी शंभराच्या खाली टिकली की घरी," डॉक्टर म्हणाले होते. काकांची नाडी अकरा दिवस एकशे दहावर ठाण मांडून बसली होती.

जेवणाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. शेजारच्या घोरण्याशीही त्यांनी जुळवून घेतलं होतं. घोर होता तो काकूंचा. पिशव्या घेऊन घराचे तीन मजले चढताना त्या मध्येच पायरीवर बसायच्या आणि म्हणायच्या, गुडघे दुखतात. हात मात्र छातीवर असायचा. डॉक्टरांना दाखवायचं नाव काढलं की, "आधी तुमचं निस्तरू दे."

बुधवारी भेटीच्या वेळी काकांनी क्लिप काढून गुपचूप काकूंच्या बोटाला लावली.

"अहो, हे काय?"

"अगं, तुझी नाडी शांत. ती दिसली की मला घरी सोडतील."

"कुणी पाहिलं तर?"

"हात चादरीखाली घे. आणि तोंड बंद ठेव, जमलं तर."

काकूंनी हात चादरीखाली घेतला. दुसरं जमलं नाही. काका पेपर वाचून दाखवत होते आणि त्या प्रत्येक बातमीत सुधारणा सुचवत होत्या.

वीस मिनिटांनी डॉक्टर धावत आले. पाठोपाठ कंट्रोल रूममधली सिस्टर, धापा टाकत.

"सतरा नंबर कोण? ठोके गळतायत!" तिने विचारलं.

काकांनी चादर वर केली.

"काका, मशीनला फसवता?" डॉक्टर कडाडले.

"मशीनला नाही हो. हिला. दोन वर्षं दाखवायला चल म्हणतोय."

काकू हळूच म्हणाल्या, "लबाड." क्लिप मात्र त्यांनी काढली नाही. सिस्टरने त्यांचा दुसरा हात धरला आणि पडद्याशिवाय, स्वतःच्या बोटांनी ठोके मोजले.

काकूंच्या ईसीजीची पट्टी काढली. वेळेवर कळलं, औषधाने ताब्यात येईल, शुक्रवारी दाखल व्हा, असं डॉक्टरांनी सांगितलं. सामान मी वर नेऊन देईन, असं मीही सांगितलं. काकूंनी ते मनावर घेतलं नाही.

गुरुवारी सकाळी काकांची नाडी अठ्ठ्याऐंशीवर आली. औषध तेच होतं. संध्याकाळीही अठ्ठ्याऐंशीच होती.

शुक्रवारी काकांना सोडलं. वॉर्डात दुसरी खाट रिकामी नव्हती, त्यामुळे काकूंना सतरा नंबरच मिळाला. चादर बदलायला दोन तास लागले.